मुक्या जिवाचा शोक : एक चिंतन

घरातले माणूस गेले म्हणजे काय करायचे, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे. शेजारीपाजारी धावून येतात. कोणी चहाचे भांडे घेऊन येते, कोणी नातलगांना फोन लावते. कचेरीतून रजा मिळते. पुढे जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलले जातात. शोक करणाऱ्याला आपण एकटे नाही असा धीर येतो.

परंतु घरात पाळलेला एखादा मुका जीव गेला तर? त्याच्यासाठी रडणाऱ्याकडे लोक चमत्कारिक नजरेने पाहतात. "अहो, जनावरच ते, दुसरे आणा," असे सांगून मोकळे होतात. रडणाऱ्यालाही आपल्या रडण्याची लाज वाटू लागते. हा शोक खरा की खोटा? तो करावा की आवरावा? आणि घरात लहान मुले असतील तर त्यांना काय सांगावे? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही काही या विषयाचे अधिकारी नव्हे. बँकेतील एक सामान्य लिपिक. कला शाखेची पदवी घेतली आणि वाचनाची आवड टिकून राहिली, एवढेच आमचे भांडवल. पण एका सशाच्या मृत्यूने आमच्या घराला जो धडा दिला, तो इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

घडलेली हकीकत

डिसेंबर २०१९ मध्ये मुलांच्या हट्टापायी आम्ही एका दुकानातून पांढऱ्या सशाचे पिल्लू घरी आणले. ती मादी होती. थोरल्या मुलीने तिचे नाव बर्फी ठेवले. सुरुवातीला आम्हांला हे प्रकरण फारसे पसंत नव्हते. दोन खोल्यांचे घर, त्यात सशाच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या चपला! पण तीनच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागली. बँका अत्यावश्यक सेवेत मोडत असल्याने आम्हांला कामावर जावेच लागे. घरी आल्यावर सावधगिरी म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत वेगळे बसत असू. मुलांना शाळा नाही, खेळायला मैदान नाही, बाप घरात असून जवळ नाही. त्या दिवसांत या एवढ्याशा जिवाने आमची मुले सांभाळली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. मुलगी तिला समोर बसवून धडे वाचून दाखवी. धाकटा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. तो तिच्या शेजारी फरशीवर पालथा पडून तासन् तास तिचे नाक हलताना पाहत राही.

पुढे पुढे बर्फी आमच्याही पायांत घोटाळू लागली. संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की ती दाराशी येऊन बसे. आनंद झाला की जागच्या जागी उडी मारून हवेतच अंगाला हिसका देई. काही संशय आला की मागचा पाय फरशीवर आपटून साऱ्या घराला सावध करी. मोबाईलच्या चार्जरच्या किती वायरी तिने तोडल्या याची गणती नाही. गावाकडून आमची आई येई, ती आधी नाक मुरडी. नंतर मात्र कोथिंबिरीची देठे तिच्यासाठी वेगळी काढून ठेवू लागली.

२०२३ च्या ऑगस्टमधील दुसऱ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी मुलीचा वाढदिवस होता. तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. प्रत्येकीने कौतुकाने बर्फीला काही ना काही भरवले. कोणी केक, कोणी बिस्किट, कोणी शेंगदाणे. रात्री ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. पुढे ठेवलेल्या गाजराला तिने तोंड लावले नाही. आम्ही म्हणालो, "आज जास्त झाले असेल. एक दिवस लंघन घडले की पोट हलके होईल." माणसाला लागू पडणारा हा घरगुती उपाय तिला लागू पडेल असे आम्ही गृहीत धरले. दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी, आम्ही घरीच होतो. तरीही दिवस तसाच जाऊ दिला. संध्याकाळी ती दात करकर वाजवू लागली तेव्हा डॉक्टरांकडे नेली. त्यांच्याकडे बहुधा कुत्री-मांजरेच येत. त्यांनी इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "कालच रात्री आणायला हवी होती." रविवारी पहाटे ती गेली.

मुलगी जागी होती, तिने सारे पाहिले. सात वर्षांचा धाकटा झोपला होता. वसाहतीच्या सचिवांना विचारून आम्ही मागच्या कडुनिंबाखाली खोल खड्डा घेतला आणि उजाडायच्या आत बर्फीला पुरले. मुलगा उठला आणि त्याने विचारले, "बर्फी कुठंय?" आमच्या तोंडून निघून गेले, "तिला बरं नव्हतं, म्हणून आजीकडे शेतावर पाठवली. तिथं हिरवं गवत आहे ना." तो खूश झाला. आम्हीही सुटलो असे वाटले.

ते खोटे पाच आठवडे चालले. या पाच आठवड्यांत मुलगी जेवणावरून उठू लागली, कोणाशी धड बोलेना. तिला आम्ही बजावले होते, "लहान आहे तो, त्याला सांगू नकोस." गणपतीच्या सुट्टीत गावी जायचे ठरले. आदल्या रात्री आम्ही पाहिले, तर धाकट्याने आपल्या शाळेच्या दप्तरात चार गाजरे आणि स्वतःचा जुना रुमाल भरून ठेवला होता. बर्फीला थंडी वाजत असेल म्हणून रुमाल! मुलगी आमच्याकडे पाहत म्हणाली, "पप्पा, दर रविवारी विहारात आपण चौथे शील म्हणतो ना? मग हे काय आहे?"

वाचकहो, बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे बसून आम्ही नाना प्रकारची बोलणी ऐकून घेतली आहेत. पण या एका प्रश्नापुढे आम्हांला मान वर करवेना.

त्याच रात्री मुलाला खरे सांगितले. तो खूप रडला. पण त्याचा राग मृत्यूवर नव्हता. तो एकच धोशा लावून होता, "मला का नाही उठवलं? मला का नाही दाखवलं?" मग मुलीच्याही मनातले बाहेर पडले. ती म्हणाली, "माझा वाढदिवस नसता तर बर्फी मेली नसती." तेरा वर्षांची पोर पाच आठवडे मनात हे ओझे घेऊन हिंडत होती आणि आमच्या खोट्याने तिचे तोंड बांधून ठेवले होते.

जातकातील तपस्वी

या प्रसंगानंतर आम्ही जातककथा पुन्हा हाती घेतल्या. दुर्गाबाई भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने त्या मराठीत आणल्या आहेत. पाली जातकात एकंदर ५४७ कथा येतात. त्यांत ३७२ व्या क्रमांकाचे 'मिगपोतक जातक' आहे. मिगपोतक म्हणजे हरणाचे पाडस.

कथा अशी. काशीचा एक मनुष्य हिमालयात जाऊन तपस्वी झाला. त्याला एकदा रानात आई गमावलेले पाडस सापडले. त्याने ते आश्रमात आणले आणि पोटच्या पोरासारखे वाढवले. पाडस मोठे झाले, देखणे झाले. एके दिवशी अतोनात गवत खाऊन त्याला अजीर्ण झाले आणि ते मेले. घरदार सोडून आलेला तो तपस्वी 'माझे लेकरू गेले' म्हणून आक्रोश करीत फिरू लागला. तेव्हा देवांचा राजा शक्र तेथे आला. संसार सोडलेल्याने मेलेल्यासाठी असे रडणे शोभत नाही, असे त्याने सांगितले. यावर तपस्वी जे उत्तर देतो ते फार महत्त्वाचे आहे. एकत्र राहिल्याने प्रेम उपजते, मग समोर माणूस असो की हरीण; आणि प्रेम उपजले की शोक आवरत नाही, असे तो प्रांजळपणे कबूल करतो.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की शक्र त्याची थट्टा करीत नाही. हरणासाठी काय रडतोस, माणसासाठी रडला असतास तर गोष्ट वेगळी, असे तो म्हणत नाही. रडण्याने गेलेला जीव परत येत नाही, रडणारा आणि ज्याच्यासाठी रडायचे तो, दोघेही मरणाधीनच आहेत, एवढेच तो समजावतो. म्हणजे माणसाच्या शोकाला जो उपदेश, तोच हरणाच्या शोकाला. तथागतांनी ही कथा सांगितली तो प्रसंगही असाच आहे. एका वृद्धाने एका तरुणाला प्रव्रज्या देऊन आपल्याजवळ ठेवले होते. तो श्रामणेर आजारी पडून मेला आणि वृद्ध शोकाने व्याकूळ झाला. श्रामणेर आणि पाडस, दोघांचा वियोग जातककाराने एकाच मापाने मोजला आहे.

४१० व्या 'सोमदत्त जातका'तही हाच धागा आहे. तेथे तपस्व्याने हत्तीचे पिल्लू पाळले आहे. तेही अति खाल्ल्याने मरते आणि तपस्वी शोक करतो. दोन्ही कथांत मृत्यूचे कारण अजीर्ण आहे, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. दोन्ही तपस्व्यांचे आपल्या पिल्लांवर जिवापाड प्रेम होते. पण प्रेम असणे वेगळे आणि त्या जिवाला काय मानवते हे ठाऊक असणे वेगळे.

मोहरीचे दाणे

बर्फी गेली त्यानंतरच्या सोमवारी आम्ही काउंटरवर बसलो, पण रोकड मोजताना दोनदा चुकलो. अधिकाऱ्यांनी विचारले, "घरी काही झालं का?" आम्ही म्हणालो, "नाही साहेब, झोप झाली नाही." त्या दिवशी एक बाई पतीच्या खात्याचा दावा घेऊन आल्या होत्या. मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन, ओळखीचा पुरावा. सारे काही आम्ही यांत्रिकपणे तपासले. माणसाच्या मरणाला निदान एक अर्ज असतो, रकाने असतात. आमच्या मनातल्या गोष्टीला रकाना नव्हता. सशासाठी मन लागत नाही हे सांगायचे कोणाला?

अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखावर ग्रंथ प्रसिद्ध केला. समाज ज्या शोकाला मान्यता देत नाही, ज्याच्यासाठी रजा नाही, विधी नाही, सांत्वनाला कोणी येत नाही, असा शोक माणसाला एकट्याने गिळावा लागतो आणि म्हणून तो अधिक जड जातो, असा त्यांच्या मांडणीचा आशय. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचे एक नेहमीचे उदाहरण होय.

गावाहून परतल्यावर एकदा डबा खाताना आम्ही धीर करून सहकाऱ्यांना सारी हकीकत सांगितली. हसतील अशी भीती होती. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आमचे शिपाई म्हणाले, "साहेब, आमचा बैल मेला त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. बापाला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं." ते मराठवाड्यातले. पोळ्याला बैलाची खांदेमळणी करताना अजूनही त्या बैलाची आठवण निघते म्हणाले. दुसऱ्या एका बाईंनी माहेरच्या गाईची गोष्ट सांगितली. रोखपालांचा कुत्रा चौदा वर्षांचा होऊन गेला होता आणि त्याचा पट्टा त्यांनी कपाटात जपून ठेवला होता. सात माणसे डब्याला बसलो होतो, त्यांत पाचांच्या घरी असे काही ना काही घडून गेलेले. वर्षानुवर्षे शेजारी बसून काम केले, पण हे एकमेकांना ठाऊक नव्हते.

किसा गोतमीची कथा आपणांपैकी बहुतेकांना माहीत आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. मोहरी घरोघरी होती, पण मरण न पाहिलेले घर एकही नव्हते. या कथेत दोन गोष्टी आम्हांला नव्याने दिसल्या. एक, तथागतांनी गोतमीला खोटा दिलासा दिला नाही. दुसरी, त्यांनी तिला लोकांच्या दारी पाठवले. शोक घरात कोंडून ठेवू नकोस, दहा दारी जा आणि बघ, अशीच ती व्यवस्था होती. आम्ही मात्र नेमके उलटे केले होते. मुलाला खोटा दिलासा दिला आणि मुलीला घरात कोंडून ठेवले.

सशाविषयी थोडे

चेतना म्हणजेच कर्म, अशी धम्माची शिकवण आहे. बर्फीला बिस्किट भरवणाऱ्यांच्या मनात तिचे वाईट व्हावे असा हेतू नव्हता, ही गोष्ट आम्ही मुलीला समजावली. शिवाय दोष त्या एका संध्याकाळचा नव्हता. पावणेचार वर्षे रोज सकाळी चहाबरोबर बिस्किट, दुपारी चपातीचा तुकडा, भिजवलेले हरभरे आणि संध्याकाळी गाजर हा आहार तिला आम्हीच लावला होता. पण हेतू चांगला होता म्हणून जाणून घेण्याची जबाबदारी टळत नाही. तेव्हा जे आधी शिकायला हवे होते ते आम्ही नंतर शिकलो. ज्यांच्या घरी ससा आहे त्यांच्यासाठी ते येथे देत आहोत.

घरी पाळतात तो ससा मूळचा युरोपातील जातीचा. आपल्या माळरानातला ससा निराळा. तो वन्य प्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडता किंवा पाळता येत नाही. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

सशाचा मुख्य आहार गवत. त्यातही वाळलेले गवत चोवीस तास पुढे असावे. आहाराचा सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक भाग गवताचाच हवा. सोबत थोडा हिरवा पाला चालतो. गाजर गोड असल्यामुळे ते तोंडी लावण्यापुरतेच द्यावे. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला तो रोज देऊ नये. बिस्किट, पाव, चपाती, केक, डाळी, दाणे हे त्याचे अन्नच नव्हे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. त्याच्या आतड्यात उपयुक्त सूक्ष्मजीव असतात. पीठ-साखरेच्या पदार्थांनी त्यांचा समतोल बिघडतो, वायू धरतो आणि आतड्याची हालचाल मंदावते. सशाला उलटी करता येत नाही. त्याच्या पोटाला लंघनही मानवत नाही. आतडे चालू राहण्यासाठी त्याने सतत थोडेथोडे खात राहिले पाहिजे. दहा-बारा तास ससा काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर ती तातडीची वेळ समजावी. "सकाळपर्यंत पाहू" असे म्हणू नये. आम्ही तेच म्हणालो होतो.

ससा दुखणे लपवतो. रानात जो दुबळा दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला, त्यामुळे हा त्याचा जन्मजात स्वभाव. अंग आखडून बसणे, दात करकर वाजवणे, आवडीचा पाला नाकारणे ही दुखण्याची लक्षणे होत. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या त्याला कधीही देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक तोंडावाटे दिल्यास सशाच्या जिवावर बेतते. त्याला कान धरून उचलू नये; एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली द्यावा. ३० अंशांपलीकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही. नीट निगा राखली तर ससा आठ ते बारा वर्षे जगतो. आमची बर्फी चार वर्षेही पुरी जगली नाही.

जनावरांच्या औषधोपचाराची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासूनचे. तेव्हा प्राणी घरी आणण्यापूर्वीच त्या जातीवर उपचार करणारे डॉक्टर जवळपास कोठे आहेत, याची चौकशी करून ठेवावी.

मुलांना काय सांगावे

या विषयात आम्ही चुकलो, म्हणून अधिकाराने सांगतो. मूल कितीही लहान असले तरी त्याला खरे सांगावे, सोप्या शब्दांत सांगावे. "ती मेली. तिचे शरीर आता चालत नाही. तिला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ती परत येणार नाही." एवढे पुरे. "झोपली आहे" असे सांगितले तर मुलाला झोपेचीच भीती बसू शकते. "गावाला गेली" म्हटले तर मूल वाट पाहत बसते. पाच वर्षांच्या आतील मुलांना मरण कायमचे असते हे नीट उमजत नाही, म्हणून ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. दर वेळी न चिडता तेच उत्तर द्यावे.

मुलाची इच्छा असेल तर शेवटचे पाहू द्यावे, हात फिरवू द्यावा, माती टाकू द्यावी. घरात सशांची जोडी असेल तर मागे राहिलेल्या सशालाही मेलेल्या जोडीदाराजवळ थोडा वेळ असू द्यावे, असे जाणकार सांगतात. तो हुंगतो, भोवती फिरतो आणि मग बाजूला होतो. मुक्या सशाला जी सवलत द्यायची, ती आम्ही आमच्या मुलाला दिली नाही.

आणखी एक गोष्ट. "रडू नकोस, उद्या दुसरा आणू" हे लगेच म्हणू नये. थोड्या पैशांत दुसरा ससा मिळतो हे खरे, पण त्यामुळे मूल एवढेच शिकते की जीव ही बदलून मिळणारी वस्तू आहे. आमच्या शेजाऱ्यांनी आम्हांलाही तोच सल्ला दिला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आमची आई मात्र गावी सारे ऐकून घेतल्यावर इतकेच म्हणाली, "जीव लावला की जीव तुटतोच बाबा. लावूच नये असं थोडंच आहे?"

शोकाला वाट

जपानमध्ये टोकियो शहरात एकोइन नावाचे बौद्ध मंदिर आहे. १६५७ च्या मोठ्या आगीत मेलेल्या, कोणी वाली नसलेल्या माणसांच्या स्मरणार्थ ते स्थापन झाले. पुढे तेथे प्राण्यांच्या स्मरणार्थही जागा झाली. आपल्याकडे असा प्रघात नाही, आणि मोठा समारंभ करावा असे आमचेही म्हणणे नाही. पण शोकाला काहीतरी वाट हवी. प्राणी नीट पुरावा. जागा नसेल तर महानगरपालिकेकडे चौकशी करावी. त्याच्याविषयी घरात बोलावे. जे चुकले ते लिहून काढावे आणि ज्यांच्या घरी तसा प्राणी आहे त्यांना ते द्यावे.

गावाहून परत आल्यावर आम्ही चौघे कडुनिंबाखाली गेलो. मुलाने दप्तरातले एक गाजर तेथे ठेवले. ताईने त्याला सांगितले, "गाजर नको, गवत ठेव." त्याने गवत उपटून आणले. मग आम्ही घरी येऊन सशाच्या निगेविषयीचा एक कागद तयार केला. मुलीने तो सुवाच्य अक्षरात लिहिला आणि वसाहतीत ज्या दोन घरी ससे होते तेथे स्वतः नेऊन दिला. त्यानंतर ती पोटभर जेवू लागली.

समारोप

जातकातच ३१६ व्या क्रमांकाची 'सस जातक' ही कथा आहे. ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर असे चार मित्र. उपोसथाच्या दिवशी दारी आलेल्याला दान द्यायचे त्यांनी ठरवले. तिघांना देण्याजोगे काही मिळाले. ससा मात्र गवत खाणारा. गवत माणसाला कसे द्यावे? म्हणून ब्राह्मणाच्या रूपात शक्र याचना करीत आला तेव्हा सशाने स्वतःचे शरीरच द्यायचे ठरवून अग्नीत उडी घेतली. उडी घेण्यापूर्वी त्याने तीनदा अंग झाडले. आपल्या केसांत एखादा किडा-मुंगी असेल तर तो आपल्याबरोबर जळू नये म्हणून! अग्नीने त्याला जाळले नाही आणि शक्राने त्याची आकृती चंद्रावर काढून ठेवली. चंद्राला शशी, शशांक म्हणतात, त्याच्यामागे सशाच्या आकृतीची हीच जुनी कल्पना आहे.

ससा गवत खातो, हे जातककाराला ठाऊक होते. आम्हांला ठाऊक नव्हते.

कोजागरीच्या रात्री गच्चीवर मुलाला ही कथा सांगितली. त्याने चंद्राकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "पप्पा, मग बर्फी तिथं गेली का?" 'होय' म्हणणे फार सोपे होते. पण एकदा खोट्याची किंमत मोजून झाली होती. आम्ही म्हणालो, "नाही रे. बर्फी कडुनिंबाखाली मातीत आहे. चंद्रावरचे ते काळे डाग म्हणजे तिथली सपाट जमीन. ती सशासारखी दिसते म्हणून लोकांनी गोष्ट सांगितली, चांगल्या सशाची आठवण राहावी म्हणून." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अंग झाडलं ना त्यानं, ते मला आवडलं."

मुक्या जिवाचा शोक करण्यात कमीपणा नाही. तो लपवू नये, त्याच्यावर खोट्याचे पांघरूण घालू नये, आणि त्याच्यातून जे शिकायचे ते शिकल्यावाचून त्याला सोडू नये. उडी घेण्यापूर्वी तीनदा अंग झाडणाऱ्या सशाइतकी काळजी आपल्या आश्रयाला आलेल्या जिवांची आपण सर्वांनी घ्यावी, एवढीच नम्र विनंती.